कालियादहचा थांबलेला धबधबा

धबधबा म्हटला की आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढे आषाढ-श्रावण उभा राहतो. वसईकरांनी चिंचोटीचा धबधबा पाहावयास जावे ते पावसाच्या दिवसांत. अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या बांधवांना प्रवरेवरील रंधा धबधबा ठाऊक आहे, त्याचाही खरा थाट पावसाळ्यातलाच. नाताळचे गोठे आवरून झाले की डोंगरातले ओहोळ आटू लागतात आणि काळ्या कातळावर पाण्याच्या वाटेची पांढुरकी रेघ तेवढी मागे राहते. ती रेघ पाहावयास कोणी शिदोरी बांधून जात नाही.

थंड मुलखातील लोकांची रीत निराळी. ते ऐन हिवाळ्यात कानटोप्या चढवून धबधबा पाहावयास निघतात, कारण त्या दिवसांत तो गोठलेला असतो. आपल्या देशातही हे दृश्य आहे. लडाखमधील झांस्कर नदी जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत वरून गोठते आणि त्या बर्फावरून तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या खोऱ्यातून बाहेर चालत आले आहेत. त्या गोठलेल्या वाटेला ते ‘चादर’ म्हणतात. ह्याच वाटेवर नेरक गावाजवळ एक धबधबा कड्यावरून उतरता उतरता जागच्या जागी थिजून उभा राहतो, आणि तो पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी रात्रीची उणे वीस-पंचवीस अंशांची थंडी सोसून जातात.

वाहते पाणी सहजासहजी गोठत नाही. तळ्याचे पाणी स्तब्ध असते. त्याचा वरचा थर निवून बर्फ होतो आणि तोच खालच्या पाण्याचे पांघरूण बनतो. धबधब्यात मात्र वरचे-खालचे पाणी सारखे घुसळले जाते, म्हणून सारेच पाणी निवल्यावाचून बर्फ धरत नाही. प्रथम काठच्या खडकांवर उडालेले तुषार गोठतात, त्यांचे सुळे लोंबू लागतात, सुळ्यांना सुळे मिळत जातात आणि काही दिवसांत पांढरा-निळसर पडदा तयार होतो. परंतु त्या पडद्याच्या मागे पुष्कळ वेळा पाणी चाललेलेच असते. वर झरा जिवंत आहे तोवर बर्फाआड धार जिवंत असते, आणि उन्हे तापली की पडदा कोसळून ती पुन्हा उघड्यावर येते.

अमेरिकेतील नायगाराची हकीकत ह्याहून नवलाची. प्रत्यक्ष पाहून लिहिलेले ह्या धबधब्याचे पहिले गाजलेले वर्णन एका कॅथलिक धर्मगुरूचे आहे. फ्रान्सिस्कन कुळातील रेकोलेक्ट शाखेचे फादर लुई हेनेपिन १६७८ च्या डिसेंबरात, म्हणजे ऐन थंडीत, तेथे पोहोचले. पाण्याचा तो लोट पाहून ते इतके भारावून गेले की १६९७ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी त्याची उंची सहाशे फुटांवर नेऊन ठेवली. प्रत्यक्षात ती दोनशे फुटांच्या आतच भरते. (प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावे, आम्ही ठेवले आहे.) पुढे १८४८ च्या मार्चअखेर एका रात्री नायगाराचा गडगडाट एकाएकी बंद पडला. ईरी सरोवरातील बर्फाचे तुकडे वाऱ्याने नदीच्या तोंडाशी लोटले जाऊन तेथे बांध पडला होता. पाणचक्क्या थांबल्या. लोक कोरड्या पात्रात उतरून जुन्या लढाईतील संगिनी वेचू लागले, आणि जगाचा अंत जवळ आला अशा भीतीने प्रार्थनामंदिरांत गर्दी लोटली. दीड दिवसाच्या सुमाराने बांध फुटला आणि पाणी गर्जत परत आले. १९६९ साली तर अभियंत्यांनी खडकाची तपासणी करण्यासाठी त्या धबधब्याची अमेरिकेकडील बाजू जून ते नोव्हेंबर बांध घालून मुद्दाम कोरडी ठेवली, आणि काम आटोपल्यावर पाणी पुन्हा सोडून दिले.

हे सारे सांगण्याचे कारण इतकेच की, गेल्या हिवाळ्यात आम्हीही एक थांबलेला धबधबा पाहून आलो. तो बर्फाच्या देशात नाही. मालव्याच्या पठारावर, उज्जयिनीच्या उत्तरेस, क्षिप्रा नदीच्या पात्रात आहे. तो निसर्गाने घडविलेला नसून माणसाने सुमारे पाचशे वर्षांपूर्वी दगडात कोरून काढलेला आहे. त्या ठिकाणाचे नाव कालियादह.

सायंकाळी बोरिवलीस अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसलो तो सकाळी उज्जयिनी. सुरतेपर्यंत पंख्याखाली बसलेली मंडळी रतलामच्या पुढे शाली शोधू लागली. समुद्रकाठच्या माणसाला मालव्याची पहाट फार टोचते. हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि वारा नसला तरी पायांची बोटे बधिर. स्थानकाबाहेर गरम पोहे आणि जिलेबी एकाच द्रोणात मिळतात. हा जोड आम्हांस प्रथम विचित्र वाटला, दुसऱ्या द्रोणानंतर वाटेनासा झाला.

उज्जयिनी मराठी माणसाला परकी नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी येथे आपले ठाणे बसविले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर नव्याने उभारले. आणि १८१० मध्ये दौलतराव शिंदे ग्वाल्हेरीस जाईपर्यंत ही शिंद्यांची राजधानी होती. जुन्या गल्ल्यांतून हिंडताना दारांवरच्या पाट्यांत मराठी आडनावे अजून भेटतात. आपल्या लोकांना हेही ऐकून बरे वाटेल की, उज्जयिनीस सिरो-मलबार संस्काराचा कॅथलिक धर्मप्रांत आहे. १९६८ साली तो एक्झार्केट म्हणून सुरू झाला आणि १९७७ मध्ये पूर्ण धर्मप्रांत झाला. आम्ही पोहोचलो तो दिवस रविवारचा होता, म्हणून प्रथम हिंदी भाषेतील मिस्सा ऐकली आणि मगच नदीकडे वळलो.

रामघाटावर त्या थंडीतही स्नान चालले होते. म्हातारी माणसे पायऱ्यांवर कुडकुडत कपडे बदलीत होती. ह्याच घाटांवर बारा वर्षांनी सिंहस्थाचा मेळा भरतो. मागील २०१६ मध्ये झाला, पुढील २०२८ मध्ये आहे. घाटाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, त्यात आम्ही भर घालीत नाही. रिक्षा करून उत्तरेकडे निघालो.

वाटेत भैरवगड लागते. येथील छीपा लोकांचे कापडावरील छापकाम प्रसिद्ध आहे. लाकडी ठशांनी छापलेल्या चादरी आणि ओढण्या घरांपुढे दोऱ्यांवर वाळत होत्या. ज्या गावात कापड रंगते आणि धुतले जाते, ते गाव नदीकाठी असावयाचेच. गाव मागे पडले की दोन्ही बाजूंस हरभरा आणि गहू, काळीभोर जमीन, आणि मध्येच बोडके बाभळीचे झाड. शहरापासून आठ-नऊ किलोमीटर गेल्यावर एक पूल ओलांडून आपण बेटावर येतो. क्षिप्रा येथे दोन ओघांत फुटून बेटाला वळसा घालते. बेटाच्या मध्यावर घुमटाचा, लांब ओसऱ्यांचा महाल आहे, आणि महालाच्या पायथ्याशी नदीच्या पात्रात कुंडेच कुंडे. लोक त्यांना बावन कुंड म्हणतात.

बादशहा जहांगीर १६१७ साली उज्जयिनीस आला होता. त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, हे बांधकाम मांडूचा सुलतान नासिरुद्दीन खिलजी याचे. त्या सुलतानाच्या अंगात उष्णता इतकी भिनली होती की त्याला पाण्याबाहेर चैन पडत नसे. म्हणून त्याने नदीच्या मधोमध घर बांधून घेतले, प्रवाह पाटापाटांत विभागून घराच्या आतबाहेर खेळविला आणि लहानमोठे हौद केले. जहांगीराने आपला मुक्काम पडण्यापूर्वी कारागीर पाठवून जागा साफसूफ करविली, आणि ती इतकी आवडली की तीन दिवस तेथे राहिला.

ही रचना कशी चालत असे, ते कुंडांच्या काठाने फिरले की आजही उमजते. नदीचा एक ओघ बांधाने अडविला की पाण्याची पातळी चढे. ते पाणी फरसबंदीत कोरलेल्या अरुंद पाटांत शिरे. हे पाट सरळ नाहीत. कोठे नागमोडी, कोठे चक्राकार. असे का, तर सरळ पाटातून पाणी मुकाट्याने निघून जाते, वळणावर मात्र ते काठाला थडकते, उसळते, आवाज करते आणि वाऱ्याला आपला गारवा देते. पाटांतून ते कुंडात पडे, कुंड भरले की त्याच्या ओठावरून खालच्या कुंडात, आणि शेवटी कोरीव दगडांवरून पुन्हा नदीत. मोगल बागांतही पाणी उतरविण्यासाठी तिरपी, खवल्याखवल्यांची नक्षी कोरलेली शिळा बसवीत. तिच्यावरून पाण्याचा पातळ थर फेसाळत उतरे. त्या शिळेचेही नाव ‘चादर’च. झांस्करच्या बर्फाला आणि बागेतील शिळेला, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी एकच नाव द्यावे, ह्याची आम्हांस मोठी मौज वाटली.

आम्ही गेलो त्या दिवशी पाटांत पाणी नव्हते. चक्राकार वळणांत वाळलेली पाने, माती आणि कोणी टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. पाणी पडावयाच्या ओठांवर चुन्याची पुटे चढली आहेत. खाली ओघळ यावा तसा त्यांचा आकार. सकाळचे तिरपे ऊन पडले होते, त्यात ती पुटे पांढरी चकाकत होती. आमच्यापैकी एक बाई म्हणाल्या, “हे तर बर्फच!” आणि दुरून पाहणाऱ्याला तसेच वाटले असते. खालच्या मोठ्या कुंडांत मात्र पाणी होते, हिरवे आणि हलत नसलेले. त्याच्या जवळ फार वेळ उभे राहवेना.

नासिरुद्दीनाच्या शेवटाची जी गोष्ट जहांगीराने नोंदविली आहे, ती येथेच घडली म्हणतात. एके दिवशी सुलतान नशेत असताना कालियादहच्या खोल कुंडात पडला. दासींनी त्याचे केस धरून त्याला बाहेर ओढले व त्याचा जीव वाचविला. शुद्धीवर आल्यावर, आपल्याला केसांना धरून ओढले हे ऐकून तो संतापला आणि त्या दासींचे हात तोडण्याची आज्ञा केली. पुढे पुन्हा तसाच प्रसंग आला तेव्हा कोणीही हात पुढे केला नाही, आणि तो बुडून मेला. इतर इतिहासकार त्याचा मृत्यू तापाने झाला असे लिहितात, आणि आम्हांस वाटते तेच खरे असावे. परंतु कुंडाच्या काठावर उभे राहून ही गोष्ट आठवली की तापाची हकीकत मनातून पार पुसली जाते. ह्या सुलतानाने बापाला विष देऊन गादी मिळविली असा प्रवाद होता. जहांगीराने मांडूस त्याच्या थडग्याला लाथा मारल्या, हेही जहांगीरच सांगतो. स्वतः जहांगीरानेही बापाविरुद्ध बंड केले होते. ह्या जागी ते त्याला आठवले नाही.

महालाच्या ओसरीत फारसी शिलालेख आहेत. त्यांत अकबर आणि जहांगीर येथे येऊन गेल्याची नोंद आहे. अकबराचे येणे खानदेशच्या मोहिमेतले. १६०१ च्या आरंभी असीरगड त्याच्या हाती पडला. त्या वेढ्याच्या वेळी त्याच्या छावणीत येशू संघाचे फादर जेरोम झेवियर, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या घराण्यातील पुरुष, आणि ब्रदर बेंतो द गोइश हे होते. हे ब्रदर बेंतो पुढे १६०२ मध्ये व्यापाऱ्याच्या वेषात खुष्कीच्या मार्गाने चीनकडे निघाले, पामीरच्या बर्फातून पार झाले आणि १६०७ च्या एप्रिलात चीनच्या सीमेवरील सूचौ नगरीत निवर्तले. त्या पठारावर त्यांची घोडी थंडीने मेली. उज्जयिनीच्या थंडीने कुरकुरणाऱ्या आम्हां लोकांना ह्या पुरुषाची आठवण देण्याचे काम आमच्यातील एका शाळामास्तरांनी केले, व ते योग्यच झाले.

आणि थंडीच सांगावयाची तर ह्याच उज्जयिनीत, त्याच काळात, जदरूप नावाचा एक गोसावी राहत होता. वस्तीबाहेर टेकाडाच्या पोटात खोदलेले बीळ हेच त्याचे घर. त्याचे तोंड इतके अरुंद की अंग चोरून शिरावे लागे. आत चटई नाही, गवताचे अंथरूण नाही. अंगावर चिंधीभर वस्त्र. हिवाळ्यात तो शेकोटी पेटवीत नसे, दिवसातून दोनदा नदीवर स्नान करी आणि गावातील ठराविक घरांतून मिळालेले पाच घास न चावता गिळून परत बिळात जाई. खानदेश जिंकून परत फिरताना अकबराने त्याची भेट घेतली होती. जहांगीर त्याला भेटावयास गेला तेव्हा वाहन सोडून काही अंतर पायी चालला, आणि पुढील वर्षी परत येऊन पुन्हा भेटला. बादशहाच्या लेखणीतून ह्या गोसाव्याविषयी जितका आदर उतरला आहे तितका फार थोड्यांच्या वाट्यास आला असेल. एकाच नदीवर एका माणसाला कितीही पाणी अंगावर घेतले तरी गारवा पुरेना, आणि दुसऱ्याला पौषातील पहाटेचे पाणी सोसत असे. दोघांनाही नदी मात्र बारमाही वाहती लागत होती, आणि ती वाहत होती.

आता ती का वाहत नाही, हे सांगणे भाग आहे.

क्षिप्रा सुमारे १९५ किलोमीटर लांबीची नदी. इंदूरच्या आग्नेयेस उज्जैनी नावाच्याच लहान गावाजवळील टेकडीत तिचा उगम. तेथून उत्तरेस वाहत ती चंबळेला मिळते. तिच्या उगमावर बर्फाचे डोंगर नाहीत. पावसाळा संपल्यावर तिच्यात जे पाणी येई ते जमिनीतून पाझरून येई. मालव्याच्या काळ्या मातीखाली काळा फत्तर आहे. त्याच्या भेगांत पावसाळ्यात पाणी मुरे आणि आठ महिने थेंबाथेंबाने नदीला मिळे. मालव्यात पावलोपावली पाणी, अशी त्या प्रांताची जुनी ख्याती ह्याच पाझरावर उभी होती. गेल्या पन्नास वर्षांत विहिरींची जागा कूपनलिकांनी घेतली. गव्हाला आणि हरभऱ्याला पाणी भूगर्भातून ओढले जाऊ लागले, आणि भेगांतील पाण्याची पातळी नदीच्या तळाखाली गेली. त्यानंतर पाझर उलट फिरतो: जमीन नदीला पाणी देईनाशी होते आणि नदीत असेल ते जमीन पिऊन टाकते. शेतकऱ्याला दोष द्यावयास आमची जीभ वळत नाही. वसईच्या किती वाड्यांत आज रहाट फिरतो? आपल्या किती बावखलांवर इमारती उभ्या आहेत?

नदीत पाणी नाही, आणि सिंहस्थ तर जवळ येत होता. तेव्हा सरकारने नर्मदेचे पाणी क्षिप्रेत आणावयाचे ठरविले. नर्मदा विंध्याच्या पायथ्याशी खोल दरीतून वाहते, क्षिप्रा वर पठारावर. म्हणून ओंकारेश्वर प्रकल्पाचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने सुमारे ३५० मीटर वर चढवून, सुमारे ५० किलोमीटर नळांतून नेऊन क्षिप्रेच्या उगमाशी सोडावे लागते. सेकंदाला पाच हजार लिटर वाहून नेण्याची त्याची योजना. २०१४ च्या फेब्रुवारीत हे काम पुरे झाले. २०१६ च्या सिंहस्थात लक्षावधी यात्रेकरूंनी क्षिप्रा म्हणून जे पाणी मस्तकी लावले, ते बव्हंशी नर्मदेचे होते. पंप चालू आहेत तोवर नदी आहे. वीज जळते, खर्च चढतो, म्हणून पंप बारा महिने सारखे चालत नाहीत. पर्वण्या आल्या की पाणी सोडले जाते.

दुसरे दुखणे खान नदीचे. तिला कान्ह असेही म्हणतात. ती इंदूर शहराचे सांडपाणी घेऊन येते आणि उज्जयिनीच्या थोडी वर, त्रिवेणीपाशी, क्षिप्रेस मिळते. २०१७ पासून कित्येक वर्षे सलग देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान इंदुराने मिळविला, हे आपण वृत्तपत्रांत वाचतोच. घाटांवर ते पाणी येऊ नये म्हणून २०१६ च्या सिंहस्थापूर्वी मोठे नळ घालून ते शहराला वळसा देऊन खाली सोडण्याची व्यवस्था झाली. सुमारे १९ किलोमीटरची ही नळवाट पिपलिया राघो गावापासून निघते, आणि घाट ओलांडून येऊन जेथे संपते ते ठिकाण म्हणजे कालियादह. शहरातील नकाशात ही जागा घाटांच्या खाली पडते एवढाच तिचा अपराध. २०२८ पूर्वी खानचे पाणी ह्याहून लांब नेण्यासाठी बोगदा व बंद कालवा खोदण्याचे नवे काम हाती घेतले आहे.

कुंडाच्या पायऱ्यांवर ऊन खात एक वृद्ध गृहस्थ बसले होते. डोक्याला फेटा, हातात काठी, वय सत्तरीच्या पुढे. जवळच्याच गावचे. आम्ही राम राम केला आणि विचारले, “बाबा, येथे पाणी पडताना आपण पाहिले आहे का?” ते हसले. “पावसाळ्यात या ना,” म्हणाले, “महालाच्या पायऱ्यांपर्यंत नदी येते, कुंडे बुडून जातात.” पावसाळ्याचे नव्हे, थंडीतले विचारतो, असे आम्ही म्हणताच ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग काठीने एका पाटाकडे दाखवून म्हणाले, “आम्ही पोरे ह्या गोल पाटात पिंपळाची पाने सोडीत असू. कोणाचे पान पहिले खाली पडते त्याची पैज. संक्रांतीच्या दिवसांत. पाणी असे गार की हात लाल होत. इथे उभे राहून बोलाल तर समोरच्याला ऐकू येत नसे.” त्यांच्या नातवंडांनी तो खेळ पाहिलेला नाही. पाट उथळ आहे असे त्या मुलांना वाटते, ते त्यात क्रिकेटचा चेंडू गडगडवितात.

त्यांनीच सांगितले की भूतडी अमावास्येला येथे अजून दूरदूरच्या खेड्यांतून माणसे येतात. ज्यांना बाधा झाली असे घरच्यांस वाटते, त्यांना ह्या कुंडांत स्नान घालतात. त्या समजुतीविषयी येथे काही लिहीत नाही. परंतु जी माणसे आजाऱ्याला गाडीत घालून येथवर आणतात, त्यांचा ह्या पाण्यावर केवढा भार आहे, आणि ते पाणी कसले आहे, हे त्या पायऱ्यांवर बसले असता मनातून जाईना. त्या दिवशी काही टँकर येतात, फवारे लावतात, असे बाबा म्हणाले. फवाऱ्याखाली स्नान होते.

महालाविषयी दोन शब्द राहिले. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत त्याची मोडतोड झाली होती. १९२० साली ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी त्याची डागडुजी करविली. येथे पूर्वी सूर्याचे मंदिर होते असे परंपरा सांगते. आज ओसऱ्यांत पारवे घुमतात, गिलावा ठिकठिकाणी सुटला आहे, पण घुमट ठाम आहे आणि नदीकडची बाजू विलक्षण देखणी आहे. बांधणाऱ्याने पाणी येईल ह्या एकाच भरवशावर सारे रचले: खिडक्या पाण्याकडे, बैठकी पाण्याकडे, पायऱ्या पाण्यात उतरणाऱ्या. ओसरीत उभे राहिले की आपण कोणाची तरी वाट पाहत आहोत असे वाटू लागते.

ज्यांना जावयाचे असेल त्यांनी डिसेंबर-जानेवारीत सकाळी लौकर जावे. रिक्षावाल्याशी जाण्यायेण्याचे व थांबण्याचे आधी बोलून घ्यावे. परतीला तेथे वाहन मिळत नाही. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. मुलांना कुंडांच्या काठी मोकळे सोडू नये, शेवाळाने दगड निसरडे आहेत. खाण्याचे पदार्थ महालात उघडू नयेत, माकडे आहेत.

आम्ही दिवेलागणीच्या सुमारास परत निघालो. भैरवगडाच्या अलीकडे एका हरभऱ्याच्या शेताशी रिक्षा थांबवून आम्ही खाली उतरलो. शेतकरी आणि त्याचा मुलगा विजेची मोटर सुरू करण्याच्या खटपटीत होते. एवढ्या थंडीत रात्रीचे पाणी कशाला, असे विचारले तेव्हा त्याने आकाशाकडे बोट दाखविले. ढग नाही, वारा नाही. आज पाला पडणार. मालव्यात पाला म्हणजे पानांवरचे दव गोठून पडणारा पांढरा थर. तो पडला की हरभऱ्याचा फुलोरा एका रात्रीत करपतो. जमीन ओली असली तर तिची ऊब टिकून राहते आणि पीक वाचते, म्हणून पाल्याच्या रात्री हलके पाणी देतात. आदल्या आठवड्यात दोन बिघे असेच गेले, तो म्हणाला, आणि बांधाकडील काळवंडलेली रोपे दाखविली.

“पाणी नदीचे का?” आम्ही विचारले.

“नदीचे कुठले, भाईसाहेब,” तो म्हणाला. “खालचे.” मुलाने कळ दाबली. मोटर घरघरली, नळ दोनदा खोकला, आणि मग चाऱ्यात वाफाळते पाणी धो धो पडू लागले.